संगणक-पाठ : माउसविना संपादन



संगणकावर लिहायचे म्हटले की आपला हात आधी माउसकडे जातो. पण जगातील बरेचसे सर्व्हर दुरून, फक्त अक्षरांच्या काळ्या पडद्यावरून चालवले जातात. या पडद्याला टर्मिनल म्हणतात. तेथे बहुधा माउस नसतो, मेनू नसतो. सारे काम कळफलकाच्या आज्ञांनी करायचे. पुढे संगणकशास्त्राकडे जाणाऱ्या मुलांना याची ओळख शाळेतच व्हावी, म्हणून या अंकात आम्ही 'व्हीआय' आणि त्याचा सुधारित अवतार 'व्हिम' या संपादकांचा पाठ देत आहोत.

थोडा इतिहास

'व्हीआय' हा संपादक बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात लिहिला. ते ३०० बॉडच्या मोडेमवरून काम करीत. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. २४ ओळी आणि प्रत्येकी ८० अक्षरांचा एक पूर्ण पडदा भरायला मिनिटाहून अधिक वेळ लागे. म्हणून आज्ञा एक-दोन अक्षरांच्या ठेवल्या. त्यांच्या 'एडीएम-३ए' टर्मिनलवर बाणांच्या चिन्हांसाठी वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. आजही डावीकडे एच, खाली जे, वर के आणि उजवीकडे एल अशीच चाल आहे.

दोन अवस्था

येथे नवशिक्याचा गोंधळ होतो, म्हणून नीट समजून घ्या. 'शिक्षा' हा शब्द घरी मराठीत ऐकला तर दंड, आणि शाळेच्या बाहेर हिंदीत ऐकला तर शिक्षण. शब्द एकच, पण कोणत्या भाषेत बोलणे चालू आहे त्यावर अर्थ ठरतो. 'व्हीआय'मध्ये कळांचेही असेच आहे. संपादक उघडताच आपण आज्ञा-अवस्थेत असतो. तेथे कळ दाबली की अक्षर उमटत नाही, काम घडते. 'आय' दाबल्यावर लेखन-अवस्था सुरू होते आणि अक्षरे उमटू लागतात. 'एस्केप' दाबले की पुन्हा आज्ञा-अवस्था. गोंधळ वाटला तर आधी एस्केप दाबावे, मग विचार करावा.

आज्ञांचे व्याकरण

आज्ञा पाठ करू नका, त्यांची रचना समजून घ्या. मराठीत आपण 'शब्द पुसा' म्हणतो. येथे क्रियापद आधी येते : 'पुसा शब्द'. 'डी' म्हणजे पुसा, 'वाय' म्हणजे नक्कल घ्या. 'डब्ल्यू' म्हणजे शब्द, डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीचा शेवट. आता जोडा :

- डी, डब्ल्यू : एक शब्द पुसणे
- डी, डॉलर : ओळीच्या शेवटापर्यंत पुसणे
- डी, डी : पूर्ण ओळ पुसणे
- ३, डी, डी : तीन ओळी पुसणे
- वाय, वाय : ओळीची नक्कल घेणे
- पी : पुसलेली वा नक्कल घेतलेली ओळ खाली आणणे
- यू : केलेले काम मागे घेणे

शब्द शोधायचा तर तिरकी रेघ, मग शब्द, मग एंटर. पुढचा तसाच शब्द हवा तर 'एन'. जतन करायला अपूर्णविराम (:) आणि डब्ल्यू, बाहेर पडायला अपूर्णविराम आणि क्यू, दोन्ही एकदम हवे तर अपूर्णविराम, डब्ल्यू, क्यू. प्रत्येक वेळी शेवटी एंटर. बदल टाकून देऊन बाहेर पडायचे तर क्यूनंतर उद्गारचिन्ह द्यावे.

तीन सावधगिऱ्या

पहिली, कॅप्स लॉक बंद ठेवा. लहान 'जे' खाली नेतो, पण मोठा 'जे' दोन ओळी जोडून टाकतो. दुसरी, देवनागरी कळफलक चालू असेल तर आज्ञा लागू होत नाहीत. एस्केपनंतर इंग्रजी कळफलकावर या. व्हिममध्ये मराठी लिहिता येते, मात्र अनेक टर्मिनलांत जोडाक्षरे तुटलेली दिसतात; फाइल त्यामुळे बिघडत नाही. तिसरी, वीज गेल्यास घाबरू नका. व्हिम २०० अक्षरांनंतर, किंवा चार सेकंद हात थांबला की, चालू काम एका वेगळ्या 'स्वॅप' फाइलमध्ये नोंदवतो. वीज आल्यावर 'व्हिम', मग आडवी रेघ व लहान 'आर', मग फाइलचे नाव, असे दिले की बहुतेक मजकूर परत मिळतो. तरीही अधूनमधून जतन करण्याची सवय सोडू नये.

स्वाध्याय

पाच भाज्यांची नावे पाच ओळींत लिहा. एस्केप दाबून तिसऱ्या ओळीवर जा. डी, डी करा, जे एकदा दाबा, मग पी. तिसरी भाजी आता शेवटी आली का? आता यू दोनदा दाबा आणि काय झाले ते वहीत लिहा. पुढील सरावासाठी व्हिमसोबत 'व्हिमट्यूटर' हा सुमारे अर्ध्या तासाचा पाठ मोफत मिळतो.

पालक व विश्वस्तांसाठी

व्हिमला परवाना-शुल्क नाही आणि जुन्या संगणकावरही तो सहज चालतो. म्हणजे खोलीत ठेवलेला जुना संगणकही मुलांच्या हाती देता येईल. त्याचे कर्ते नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये ते युगांडातील किबाले येथे पाणी व स्वच्छतेच्या कामासाठी राहिले होते.  तेथील मुलांना मदत करा, अशी विनंती व्हिम उघडताना पडद्यावर दिसत राहिली. ते २०२३ मध्ये निवर्तले. मुलांना आज्ञा शिकवताना ही गोष्टही सांगावी, असे आम्हांस वाटते. विद्या स्वतःपुरती ठेवायची नसते, हे त्यांना एका अक्षरी पडद्यावरूनही कळेल.