वस्त्र हाती राहिलं, साक्ष देवाकडे राहिली

आजचा शास्त्रभाग: उत्पत्ती ३९:११-२३

योसेफाचं वस्त्र दोनदा खोटा पुरावा ठरलं. आधी भावांनी त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून याकोबाला फसवलं. मग पोटीफराच्या बायकोने, तो पळताना तिच्या हाती राहिलेलं वस्त्र दाखवून त्याच्यावर आळ घेतला. तो पापापासून पळाला, आणि तेच त्याच्यावर उलटलं.

मागे ऑफिसमध्ये मी न केलेली चूक माझ्या नावावर लागली. रात्रभर मनात एकच ईमेल लिहीत होतो. तेव्हा या अध्यायात एक गोष्ट दिसली. परमेश्वर योसेफाबरोबर होता, हे पोटीफराच्या घरीही सांगितलंय आणि तुरुंगातही. नाव खराब झालं, सोबत सुटली नाही.

विश्वास म्हणजे गप्प बसणं नव्हे. पुढे ४०:१५ मध्ये योसेफ प्यालेबरदाराला स्पष्ट सांगतो की तुरुंगात पडावं असं मी काहीच केलेलं नाही. तरी तो माणूस त्याला विसरला. आणखी दोन वर्षं गेली. आणि त्या बाईने खोटं कबूल केलं, असं शास्त्रात कुठेच नाही! योसेफ मात्र नाव साफ होण्याची वाट बघत बसला नाही. हाती आलेलं काम तो करत राहिला.

आज एवढंच करूया: खरं ते शांतपणे सांगूया, आणि निकाल न्यायी देवावर सोपवूया. प्रभू येशूनेही तेच केलं (१ पेत्र २:२३).

प्रार्थना: प्रभू, माझं नाव तुझ्या हाती आहे. मनातली कटुता काढून टाक. आमेन.