कुत्रा चावला, म्हैस गाभडली: खिशातून किती जातात?

कुत्रा चावल्यावरचा पहिला खर्च एका साबणाच्या वडीचा. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पुरती पंधरा मिनिटे जखम धुवायची. नळ नसेल तर कुणीतरी तांब्याने सतत पाणी ओतत राहावे. हळद, चुना, तिखट यांतले काहीही जखमेत भरू नका. त्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून या आजारात पैसा लावायचा तो लक्षणांच्या आधी, आणि त्यातलाही बराचसा वाचवता येतो.

लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. लातूरचे विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आणि विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय ही वेगळ्या विभागाची रुग्णालये आहेत. तिथे केसपेपरचे किरकोळ शुल्क लागू शकते. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत द्यायची लस मिळते: चावल्याच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दर वेळी दोन जागी. खरा खर्च असतो तो चार फेऱ्यांचे एस.टी. भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा. म्हणून पहिल्या डोसचे कार्ड सांभाळा आणि पुढचे डोस गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळतील का, हे तिथेच विचारून ठेवा.

खासगीत हीच लस दंडात देतात आणि डोस पाच असतात. एक डोस साधारण साडेतीनशे-चारशे रुपयांचा धरला तर लसीचेच दोन हजारांच्या घरात जातात, शिवाय टोचणावळ आणि तपासणी फी. ज्याने पूर्वी पूर्ण कोर्स घेतला आहे त्याला परत चावल्यास दोनच डोस पुरतात. जुने कार्ड दाखवले नाही तर नव्याने सगळे डोस घ्यावे लागतात.

मोठे बिल होते ते दुसऱ्याच औषधाचे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. दात खोल रुतले असतील, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन सोडावे लागते. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात, त्या दिवसांत ते राखण करते. मानवी रक्तापासून बनवलेले असेल तर मात्रा किलोमागे 20 युनिट, घोड्यापासूनचे असेल तर 40. समजा मुखेडचा साठ किलोचा माणूस आहे. त्याला मानवी प्रकारची 1200 युनिटची मात्रा बसते, म्हणजे 300 युनिटच्या चार कुप्या. एकेक कुपी पाच-सहा हजारांची, म्हणजे वीस-चोवीस हजार रुपये. मजुरीवर जगणारे घर एवढे पैसे कुठून आणणार? घोड्यापासूनचे औषध कितीतरी स्वस्त आहे, चालतेही, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये असेही सांगितले की, वजनाच्या हिशेबाने येणारी मात्रा ही कमाल आहे, औषध जखमेत आणि तिच्या भोवती मावेल तेवढे पुरते. तेव्हा कुप्यांची चिठ्ठी हातात आली की, ‘डॉक्टरसाहेब, जखमेला एवढ्या लागतीलच का?’ असे जरूर विचारा. साठा नसेल तर कुठे मिळेल ते लिहून मागा. पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंत हे औषध देता येते. पण लस त्यासाठी एक दिवसही थांबवायची नाही.

कुत्र्याला मारू नका. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. भटका असेल, दिसेनासा झाला असेल, तर कोर्स पुरा करायचाच. आणि गावात म्हैस पिसाळून मेली की तिचे दूध प्यायलेले सगळे दवाखान्याकडे धावतात. दूध उकळलेले असेल तर लसीची गरज नसते. कच्चे प्यायले असेल, किंवा जनावराच्या तोंडात हात घातला असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा.

रेबीजला लोक घाबरतात, पण लाल कंधारी आणि देवणी गायींच्या या मुलखात गोठ्यातला दुसरा आजार, ब्रुसेलोसिस, मात्र दुर्लक्षित राहतो. गाभण जनावराने गाभ टाकला की घरची बाई उघड्या हाताने वार उचलते, आणि आजार तिथून अंगात शिरतो. येत-जात राहणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी. टायफॉइड समजून महिनोन्महिने औषधे चालतात. खरे उपचार किमान सहा आठवड्यांचे, त्यात दोन प्रतिजैविके एकत्र. औषधांपेक्षा बुडालेली मजुरीच जास्त भरते. गोठ्यात काम केल्याचे आपणहून सांगितले तर डॉक्टर ब्रुसेलोसिसची तपासणी लवकर करतात. चार ते आठ महिन्यांच्या वासरीला आणि पारडीला आयुष्यात एकदाच लस द्यावी लागते. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. कानात बारा आकडी बिल्ला मारून घ्या. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून गाय आणताना बिल्ल्याचा क्रमांक आणि लसीची नोंद मागा. वार उचलायला लांब हातमोजे हवेत. ते नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घाला आणि वार चुन्यासह खोल पुरा.

कोंबड्यांचा हिशेब घड्याळाशी बांधलेला आहे. जानेवारी 2021 मध्ये अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत बर्ड फ्लू आला. जानेवारी 2025 मध्ये उदगीर शहरात कावळे मेले आणि लोहा तालुक्यातल्या किवळ्यात कोंबड्या. 2021 मध्ये ठरलेली भरपाई अशी होती: आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या कोंबडीला 90 रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसल कोंबडीला 70, पिलाला 20, अंड्याला 3 आणि खाद्याला किलोमागे 12 रुपये. ही भरपाई सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची असते. आधीच मेलेल्या कोंबड्यांचे पैसे मिळत नाहीत. दोन-चार पक्षी एकाएकी मेले की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या फोन क्रमांकावर कळवा. मेलेली कोंबडी स्वस्तात विकू नका, ओढ्यातही टाकू नका. पंचनामा होईल तेव्हा पक्ष्यांचा आकडा, वय, अंडी आणि खाद्याची पोती कागदावर बरोबर चढली आहेत का, हे वाचूनच सही करा.