घन स्तन आणि लपलेली गाठ

स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी व तंतुमय ऊती अधिक असल्यास त्यास 'घन स्तन' म्हणतात. ही घनता हाताला कळत नाही. ती मॅमोग्राफीतच दिसते. त्या चित्रात घन ऊती पांढऱ्या आणि गाठही पांढरीच, म्हणून गाठ लपते. शिवाय घनतेमुळे कर्करोगाचा धोकाही वाढतो. तरुण वयात घनता सहसा अधिक असते.

मग अंबरनाथ-बदलापूरच्या पाड्यांवरील आमच्या ठाकर-कातकरी भगिनींनी, जिथे हे यंत्र पोहोचत नाही, काय करावे? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली. त्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. २०२१च्या निष्कर्षानुसार पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तशी घट दिसली नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती : तिशीनंतर माता-भगिनींना शासकीय आरोग्य केंद्रात तपासणीस न्यावे. मॅमोग्राफी निर्दोष आली, तरी गाठ, आत ओढलेली त्वचा किंवा रक्तमिश्रित स्राव आढळताच संकोच सोडून डॉक्टरांना दाखवावे.