स्वयंप्रकाशी पडदा : ओएलईडी

‘सेंद्रिय’ म्हणताच भाजीपाला आठवतो. रसायनशास्त्रात मात्र हा शब्द कार्बनी संयुगांसाठी योजला जातो. अशा संयुगांतून प्रकाश देणारा डायोड म्हणजे ओएलईडी.

एलसीडी पडद्यामागे दिवा सतत जळत असतो आणि द्रवस्फटिक त्याचा प्रकाश अडवतात. तो पूर्णपणे अडत नाही, म्हणून तेथील काळा रंग राखाडी भासतो. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो. काळे दाखवायचे असेल तर तो विझतो. गडद पार्श्वभूमीवर वाचताना बॅटरी वाचते ती यामुळेच.

ऋणाग्राकडून इलेक्ट्रॉन आणि पारदर्शक धनाग्राकडून ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, मधल्या सेंद्रिय थरांत शिरतात. दोहोंची गाठ पडली की रेणू उत्तेजित होतो आणि मूळ स्थितीत परतताना प्रकाश सोडतो. १९८७ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅकच्या चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी असे दोन थर एकावर एक देऊन १० व्होल्टपेक्षाही कमी दाबावर हिरवा प्रकाश मिळवला. फिल्मवर मोठ्या झालेल्या कंपनीत हे घडावे, ही गंमतच!

हे रेणू मात्र झिजतात. निळा सर्वांत लवकर. जे बिंदू अधिक काळ जळतात ते अधिक मंदावतात व स्थिर चित्राचा डाग उरतो. म्हणून वापरलेला मोबाईल घेताना विद्यार्थ्यांनी पडदाभर करडा रंग लावून पाहावा. पूर्वीच्या मालकाचा कळफलक तेथे अंधुक उमटलेला दिसू शकतो.