ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडणी व तिची निगा

बैलगाडीच्या आखाची खीळ हाताने चाचपून पाहिल्यावाचून जाणता गाडीवान घरून निघत नसे. आज ऊस, धान्य व खत यांची पुष्कळशी वाहतूक ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडून होते. परंतु खिळीविषयीची ती दक्षता जोडणीच्या पिनेच्या वाट्यास क्वचितच येते. वास्तविक सगळा भार याच लहानशा पिनेवर ओढला जात असतो. ती वाटेत निघाली अथवा तुटली, तर सुटलेल्या ट्रॉलीस वळविणारे कोणी नसते, आणि बहुधा तिला ब्रेकही नसतो. मागून येणारा सायकलस्वार किंवा कडेने चालणारी शाळेची मुले यांच्या जिवाशी मग गाठ पडते. हा बिघाड एकाएकी होत नाही. तो आधी ओळखता येतो. कसा, ते येथे सांगितले आहे.

पिन व कडी

ट्रॅक्टरच्या हुकात ट्रॉलीच्या दांड्याची कडी बसवून पिन वरून घालावी आणि तिच्या खालच्या छिद्रात काटेपिन किंवा क्लिप अवश्य लावावी. क्लिप नसल्यास खडबडीत रस्त्यावर कडीच्या हेलकाव्याने पिन हळूहळू वर सरकते व शेवटी उसळून पडते.

मूळ पिन हरवली म्हणजे सळईचा तुकडा किंवा हाती लागेल तो बोल्ट घालण्याची रीत घातक आहे. चांगली पिन कठीण केलेल्या पोलादाची असते. सळई मऊ असल्याने वाकते. बोल्टाला आट्यांच्या खाचेपाशी तडा जातो. शिवाय बारीक पिन मोठ्या भोकात ढिली राहते, आणि ट्रॅक्टर निघताना व थांबताना कडी तिच्यावर हातोड्याप्रमाणे आपटते.

बिघाडाची लक्षणे

1. निघताना व थांबताना मोठा खडखडाट होणे.
2. पिनेवरून बोट फिरविले असता खाच लागणे, किंवा पिन वाकलेली दिसणे.
3. हुकाचे अगर कडीचे गोल भोक लांबट होणे.
4. हुकाच्या मुळाशी किंवा दांड्याच्या सांध्यावर गंजाची बारीक रेघ उमटणे. ही बहुधा तड्याची खूण असते.
5. हूक बसविलेले बोल्ट ढिले होणे.

यांपैकी एकही लक्षण दिसल्यास भार भरू नये. पिन बदलावी, तिला वेल्डिंग करू नये, कारण त्या उष्णतेने पोलादाचा कठीणपणा जातो. दांड्याचा तडा माहितगार कारागिराकडूनच दुरुस्त करून घ्यावा.

भराई व जोडणीची उंची

दोन चाकी ट्रॉलीत भार मागे जास्त झाला, तर दांडा हुकाला वर उचलतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड त्यामुळे कमी होते व ट्रॉली झोके घेऊ लागते. भार फार पुढे घेतल्यास हुकावर दाब वाढून पुढील चाके हलकी होतात व सुकाणू नीट लागत नाही. म्हणून भार आखाच्या दोन्ही बाजूंस विभागून, पुढे किंचित जास्त ठेवावा.

चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना साखळी मागील आखाच्या वर कोठेही बांधू नये. तशा ओढीने ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चालकावर उलटतो. ओढ नेहमी खालच्या हुकातूनच घ्यावी.

जोडताना

ट्रॅक्टर मागे येत असता त्याच्या व ट्रॉलीच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. मुलाला तर कधीच उभे करू नये. ट्रॉलीच्या चाकांस दगड लावावेत व दांडा भक्कम टेकूवर ठेवावा. ट्रॅक्टर पुरता थांबून ब्रेक लागल्यावरच मदतनिसाने पिन घालावी.

उतारावर

20 मीटरला 1 मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर 10 टन वजनाची भरलेली ट्रॉली सुमारे अर्ध्या टनाच्या नेटाने खाली ढकलली जाते. एवढा रेटा हुकातून ट्रॅक्टरवर येतो. दोन ट्रॉल्या असल्यास दोहोंचा रेटा व ओढ पहिल्या पिनेलाच सोसावी लागते. म्हणून ती सर्वांत आधी तपासावी. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. शेतात सुटे ठेवलेले दोन ब्रेक रस्त्यावर येताच कडीने एकत्र जोडावेत. एकाच चाकास ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो व मागची ट्रॉली त्यावर रेलते.

पिनेखेरीज भक्कम साखळीचे दोन पदर दांड्याखालून फुलीप्रमाणे ओवून ट्रॅक्टरला अडकवावेत. वळणापुरती ढिलाई ठेवावी, परंतु साखळी जमिनीला लागू देऊ नये. पिन निघाली तरी दांडा त्या फुलीवर टेकतो व ट्रॉली सुटत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गळीत हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरचालकांना एकत्र बोलवावे. झिजलेली व नवी अशा दोन पिना त्यांच्या हाती द्याव्यात. खाच बोटाला लागली म्हणजे निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्याच वेळी प्रत्येकाची पिन, क्लिप, कडी व साखळी तेथेच तपासावी, आणि एक जादा पिन व चार क्लिपा ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवण्यास सांगावे. ही तपासणी पुढे चालकाने स्वतः रोज सकाळी, आणि वाटेत थांबेल तेव्हा तेव्हा, हाताने चाचपून करावी.