तारेच्या कुंपणातील मुले

मुलाने आईवडिलांजवळ वाढावे, त्यांची बोली त्याच्या ओठी यावी, ही गोष्ट इतकी स्वाभाविक आहे की तिला कायद्याचे संरक्षण लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. परंतु आपल्या देशात एके काळी कायद्यानेच मुलांचे हे छत्र हिरावून घेतले होते.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती कायदा' केला आणि भटकंती करून पोट भरणाऱ्या अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना पालकांपासून वेगळे काढून सुधारवसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ मध्ये हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. मुंबई इलाख्याप्रमाणेच नागपूर-रायपूरचा मध्यप्रांतही त्याच्या कक्षेत आला. सोलापूरच्या 'सेटलमेंट'मध्ये पारधी, कैकाडी आदी जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहत. मोठी माणसे गिरणीत राबत आणि ठरल्या वेळी हजेरी देत.

मुलांना वेगळे काढण्यामागे 'सुधारणे'चा हेतू सांगितला जाई. मूल शाळेत जाईल, हुन्नर शिकेल, असा युक्तिवाद होता. पण जेथे आईबापांचा सहवासच रोग मानला जातो, तेथे अक्षरांआधी मुलाच्या मनात स्वतःच्या माणसांविषयी लाज पेरली जाते. कुटुंब दरिद्री असेल, तर त्याला जमीन आणि काम द्यावे. त्याचे मूल काढून घेणे हा दारिद्र्यावरील उपाय नव्हे.

ऑस्ट्रेलियातही आदिवासी मुलांना बळाने नेऊन संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली.

भारतात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची असून मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे. कुंपणाची तार कायद्याने तुटली. समाजाच्या नजरेतील संशयाची तार मात्र माणसांनीच तोडायची आहे.

शब्दार्थ
हुन्नर – हातातील कसब
विमुक्त – बंधनातून सुटलेला

पाठगत प्रश्न
१. १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला कोणता अधिकार मिळाला?
२. 'अक्षरांआधी लाज पेरली जाते' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.