आरोग्यासाठी गावाचा कर : कोयनाकाठचा विचार

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत कोयनानगर वसले आहे. येथील धरणाच्या पाण्यावर निर्माण होणाऱ्या विजेने महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीला फार मोठा हातभार लावला. परंतु याच खोऱ्यातील वाड्यावस्त्यांचा विचार केला म्हणजे विकासाची दुसरी बाजू ध्यानात येते. येथील पावसाळा दीर्घ आणि दणकट. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ओढे भरून वाहू लागले की डोंगरावरील वस्तीतून आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणणे हेच मोठे काम होऊन बसते. बाळंतीण असो, सर्पदंश झालेला शेतकरी असो की अंथरुणाला खिळलेला वृद्ध असो. दवाखाना किती दूर आहे यापेक्षा तेथवर पोहोचण्याची सोय आहे की नाही, या प्रश्नावर त्याचे जगणे-मरणे अवलंबून असते.

ही सोय कोणी करावयाची? शासनाने, हे उत्तर योग्यच आहे. पण ते पुरेसे नाही. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे प्रमाण शासनाने ठरविले आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात सुरू झाली. तथापि वस्तीपासून रस्त्यापर्यंतची वाट, पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण, गटारांची सफाई, एकाकी वृद्धाची विचारपूस ही कामे गावानेच करावयाची असतात. त्यांना पैसा लागतो आणि तो उभारण्याचे हक्काचे साधन म्हणजे ग्रामपंचायतीचा कर होय.

कराची जुनी परंपरा

स्थानिक गरजांसाठी स्थानिक कर ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविण्यात आली. तिचा विनियोग प्रामुख्याने रस्ते व शाळा यांसाठी होत असे. मात्र ज्या रयतेने हा पैसा द्यावयाचा, तिला त्याच्या खर्चाबाबत काहीच अधिकार नव्हता. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, तेव्हा तिच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने प्रथम लक्ष द्यावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. जो देतो त्याच्यापर्यंत फळ पोहोचले पाहिजे, हा कराच्या न्यायाचा पहिला धडा या मातीतील माणसाने तेव्हाच दिला.

दुसरा धडा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दिला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी घरोघरी मूठ मूठ धान्य जमा करण्याची मुष्टिफंडाची प्रथा या चळवळीत रूढ झाली. मूठभर धान्य ही रक्कम म्हणून क्षुल्लक. परंतु ते देणाऱ्या माउलीला शाळा आपली वाटू लागली. सर्वांनी थोडे थोडे दिले म्हणजे संस्था उभी राहते आणि दिलेल्या वाट्यामुळे ती आपली होते, हे त्यातून सिद्ध झाले.

विसापूरचा प्रयोग

कराविषयीचा तिसरा आणि सर्वांत मोठा धडा शेजारच्या सांगली जिल्ह्याने दिला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या काळात त्याला राज्यव्यापी रोजगार हमी योजनेचे रूप आले. एवढ्या मोठ्या योजनेला पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न होता. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला. नोकरी व व्यवसाय करणाऱ्या वर्गाने कर द्यावयाचा आणि त्यातून खडी फोडणाऱ्या, बंधारे घालणाऱ्या ग्रामीण मजुराला मजुरी द्यावयाची, अशी ही योजना होती. करातून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच भर राज्य शासनाने घालावी, असेही ठरले. १९७७ मध्ये विधिमंडळाने योजनेला कायद्याचा आधार दिला. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी झालेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

विशिष्ट हेतूसाठी विशिष्ट कर आणि त्या कराला शासनाची जोड, हे सूत्र येथे यशस्वी झाले. कर कोणालाच आवडत नाही. पण तो कशासाठी आहे हे स्पष्ट असेल तर समाज तो स्वीकारतो.

कायद्याने दिलेले अधिकार

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२४ अन्वये पंचायतीला इमारती व जमिनींवरील कर म्हणजे घरपट्टी, सामान्य स्वच्छता उपकर, पाणीपट्टी, यात्रा कर, बाजार फी इत्यादी बसविता येतात. कारखान्यांच्या बाबतीत कलम १२५ अन्वये करांऐवजी ठोक अंशदान घेण्याची सोय आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, तेव्हा जमीन महसुलावरील स्थानिक उपकराची तरतूदही करण्यात आली. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या करविषयक अधिकाराला राज्यघटनेचे अधिष्ठान मिळाले. तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास, अपंगांसह समाजकल्याण आणि दुर्बल घटकांचे कल्याण हे विषय लागोपाठ नमूद केलेले आहेत.

त्याचप्रमाणे, ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. येथे एक गोष्ट सदस्यांनी नीट समजून घ्यावी. ही टक्केवारी स्वउत्पन्नावर असते. वसुली शून्य असेल तर दहा टक्केही शून्यच! घरपट्टी थकविणारा सधन गृहस्थ पंचायतीचे पैसे बुडवितो, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात तो गावातील अपंग, विधवा व कुपोषित बालक यांच्या वाट्याचे पैसे अडवून ठेवतो.

एक साधा हिशेब

समजा, एखाद्या पंचायतीत ४०० घरे आहेत. ग्रामसभेच्या संमतीने, नियमांत ठरविलेल्या दरांच्या मर्यादेत, घरामागे सरासरी महिना २० रुपये वाढ करून ती आरोग्य व सेवाकार्यासाठी खर्च करण्याचे ठरले. वर्षाची मागणी ९६,००० रुपये होईल. वसुली निम्मी झाली तर ४८,००० रुपये हाती येतील. रात्री-अपरात्री रुग्णाला नेण्यासाठी गावातील वाहनाला प्रत्येक खेपेस १,५०० रुपये द्यावयाचे ठरल्यास ३० खेपांचे ४५,००० होतात. म्हणजे बाकी जेमतेम ३,००० रुपये उरतात. परंतु वसुली ९० टक्के झाली तर ८६,४०० रुपये जमतील. खेपांचा खर्च वजा जाता ४१,४०० रुपये पाणी शुद्धीकरण, घसरणाऱ्या पायवाटेची दुरुस्ती आणि अंथरुणावरील रुग्णांची देखभाल यांसाठी शिल्लक राहतील. दर तोच, घरे तीच. फरक केवळ वसुलीचा.

विरोध समजून घ्यावा

करवाढीला होणारा विरोध नेहमीच स्वार्थी असतो असे नाही. कोयना खोऱ्यातील माणसाच्या मनात एक खोल प्रश्न आहे. धरणासाठी त्यांनी जमिनी दिल्या. अनेक गावे उठून दूरच्या जिल्ह्यांत वसली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली आणि असंख्य घरे कोसळली. ज्या खोऱ्याने राज्यासाठी एवढे सोसले, त्याने पुन्हा आपल्या दवाखान्याची सोयही आपल्याच खिशातून का करावी? शिवाय जलाशय आणि वनक्षेत्र यांचा विस्तार मोठा, पण त्यांतून घरपट्टी येत नाही. कराचा भार थोड्या घरांवर पडतो.

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच स्पष्ट असले पाहिजे. स्थानिक कर हा शासनाच्या जबाबदारीला पर्याय नव्हे. डॉक्टर, औषधे, इमारती व रस्ते यांची मागणी शासनाकडे केलीच पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,००० कोटींहून अधिक रुपयांच्या अनुदानाची देशभरासाठी शिफारस केली, ती याच जाणिवेने. परंतु अनुदानाची रक्कम वरून येते आणि तिचे नियमही वरून येतात. भूकंपाच्या त्या पहाटे ढिगाऱ्याखालील माणसाला पहिला हात शेजाऱ्यानेच दिला असणार. सरकारी मदत त्यानंतरची. गावचा कर हा त्या पहिल्या हाताची कायमची व्यवस्था होय.

इतरांचे अनुभव

केरळात १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेनंतर पंचायतींकडे मोठा निधी व अधिकार गेले. असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम तेथील पंचायतींनी हाती घेतले आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात आरोग्य व मानवसेवेसाठी काउंटी पातळीवर मालमत्तेवरील कर ठराविक मुदतीसाठी मतदारांपुढे कौलास ठेवतात. मुदत संपली की पुन्हा त्यांचीच संमती घ्यावी लागते. आपल्याकडे औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा ग्रामपंचायतीने कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबांना मोफत दळणाची सोय करून दिली आणि करवसुलीला घरातील गृहिणीचा पाठिंबा मिळविला. मुदत, हेतू आणि दिसणारे फळ, या तीन गोष्टींमुळे कराला मान्यता मिळते.

पंचायतीने काय करावे

प्रथम गरजांची यादी करावी. आशा सेविका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्याइतकी घराघरांची माहिती दुसऱ्या कोणास असत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने ही यादी महिला सभेपुढे आणि मग ग्रामसभेपुढे ठेवावी. दुसरे, नमुना ८ मधील आकारणी नोंदवही अद्ययावत करावी. नवी बांधकामे नोंदीबाहेर ठेवून जुन्यांवरच वाढ लादणे हा अन्याय आहे. हरकतींची सुनावणी मनापासून घ्यावी. आकारणी अमान्य असणाऱ्यास पंचायत समितीकडे अपील करता येते, हेही सांगावे. तिसरे, वसुलीची सुरुवात सदस्य व पुढारी यांच्या घरापासून व्हावी. सरपंचाची थकबाकी फळ्यावर असताना मजुराकडे तगादा लावण्याचा नैतिक अधिकार पंचायतीस उरत नाही. चौथे, या रकमेचा जमाखर्च दर तिमाहीस चावडीवर लावावा. किती रुग्ण नेले, किती पाणी तपासण्या झाल्या, हे आकड्यांत लिहावे. रुग्णांची नावे मात्र लिहू नयेत.

शिक्षकांनीही या कामी पुढे यावे. गणिताच्या तासाला वरचा हिशेब मुलांकडून करवून घेतला, तर तो संध्याकाळी चुलीपुढे निश्चित पोहोचेल.

कर म्हणजे सरकारी जुलूम ही समजूत परक्या राजवटीत रुजली आणि त्या काळी ती खरीही होती. आज कर ठरविणारी ग्रामसभा आपली, खर्च करणारी पंचायत आपली आणि त्यातून दवाखान्यात पोहोचणारा माणूसही आपलाच आहे. मुसळधार पावसात डोंगरावरून एखाद्या गर्भवतीला खाली आणताना रस्त्यावर वाहन उभे असेल, तर महिन्याच्या त्या वीस रुपयांचा हिशेब गावाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.